पहिल्यांदाच ऑनलाइन क्लास लावताय?

फी भरण्याआधी एवढं बघा: क्लास लाइव्ह आहे की रेकॉर्डेड? सगळा फरक तिथेच पडतो.

रेकॉर्डेड कोर्स रात्री अकरालाही लावता येतो, न कळलेला भाग चार वेळा मागे नेऊन ऐकता येतो. पण ‘उद्या बघू’ म्हणता म्हणता महिना निघून जातो. २०१२ साली कोर्सेरा आणि एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइट सुरू झाल्या, लाखो लोकांनी नावं नोंदवली आणि बहुतेकांनी कोर्स अर्धवट सोडले. माझ्या मते यात हुशारीचा प्रश्न कमी, ठरलेल्या वेळेचा जास्त. म्हणून वेळ पक्की करा.

दुसरा धोका मला फार उशिरा कळला. संख्याशास्त्राचे व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटायचं. कोरा कागद घेऊन तेच गणित सोडवायला बसलो, तर दुसऱ्याच ओळीला पेन अडलं. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवतो आणि आठवेल ते न बघता लिहून काढतो. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

लाइव्ह क्लासमध्ये शंका तिथल्या तिथे विचारता येते, तर विचाराच. नेट गेलं तर रेकॉर्डिंग मिळतं का, हेही आधीच विचारून घ्या.

वाद्य किंवा शिवणकाम शिकायचं असेल तर मात्र सुरुवातीचे काही महिने समोरासमोरच शिका. बोटांची ठेवण जरा चुकली तरी स्क्रीनवर शिक्षकांना ती नीट दिसत नाही, आणि हाताला लागलेली चुकीची सवय मोडायला फार वेळ जातो.