वाचक विचारतात: उकुलेलेसाठी लाकूड कोणतं आणि कुठून?

प्रश्न : उकुलेले या चार तारांच्या, छोट्या गिटारसारख्या वाद्याचं मूळ लाकूड 'कोआ' हे बाभळीच्या जातीचं आहे असं वाचलं. मग आपली बाभूळ चालेल का? – एक वाचक, नाशिकरोड

नातं खरं आहे, पण दूरचं. कोआ फक्त हवाईत उगवतं. 1879 मध्ये मदेइरा या पोर्तुगीज बेटावरून जे सुतार होनोलुलूला उतरले, त्यांना तिथे हाताशी तेच मिळालं म्हणून त्यांनी ते वापरलं. आपली देशी बाभूळ त्यापेक्षा बरीच जड आणि कठीण. वरच्या पाटीला लावलीत तर पाटी हलायलाच तयार नसते, आवाज बुजका येतो. मात्र ब्रिज (पाटीवरची, तारा अडकवायची पट्टी) आणि बोटपट्टी (मानेवरची, जिच्यावर तारा दाबतात ती) यांसाठी सुकलेली बाभूळ उत्तम, आणि शिसवीपेक्षा स्वस्तही. वनीकरणातली ऑस्ट्रेलियन बाभूळ कोआला जास्त जवळची. सरळ खोडाची मिळाली तर पाठ आणि बाजू तिच्या करा.

वरच्या पाटीला आमची पहिली पसंती तून. महोगनीच्याच कुळातलं, हलकं, आणि सतारीच्या कामात मुरलेलं लाकूड. मानेसाठी शिवण घ्या, ती हलकी असते आणि सहसा पीळ खात नाही. पण जातीच्या नावापेक्षा काप आणि सुकवण या दोन गोष्टी जास्त पाहा. उत्तम कोआ ओलं असेल तर साध्या सुक्या आंब्यापुढे हरतं.

प्रश्न : आमच्या मळ्यातला जुना आंबा पावसात उन्मळून पडला. त्याचं लाकूड वापरता येईल का? – एक वाचक, मखमलाबाद

येईल. हवाईतले कारागीरही आंब्याचे उकुलेले बनवतात. पण करवत लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. शहराच्या हद्दीत झाडांसाठी 1975 चा कायदा लागू आहे. झाड आपोआप पडलं असलं तरी परस्पर तोडू नका. कागद हातात असला की आरागिरणीवालाही कुरकुर करत नाही.

मग मात्र वेळ दवडू नका. आंब्याला बुरशी फार लवकर धरते. राखाडी-काळ्या रेघा दिसायला छान असतात, पण नख रुतेल असा मऊ भाग टाकूनच द्या. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना आधी जुना ऑइल पेंट किंवा मेण फासा. तोंडाकडून पाणी झपाट्याने उडतं आणि फुटायची सुरुवात तिथूनच होते.

गिरणीत सरळ फळ्या पाडू देऊ नका. ओंडक्याचे आधी चार उभे भाग करा, मधला गाभा काढून टाका आणि मग 5 इंच रुंद, 2 इंच जाड फळ्या काढा. फळीच्या टोकाकडे पाहा: खोडाच्या वाढीच्या कड्यांच्या रेषा रुंद पृष्ठभागावर उभ्या हव्यात. त्या आडव्या झोपलेल्या असतील तर पाटी रुंदीला जवळजवळ दुप्पट आक्रसते. गिरणीवाला 'यात लाकूड वाया जातं' म्हणेल. जातंच. तेवढं सोडा.

भुंगा लागू नये म्हणून एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम टाकणखार आणि 20 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ओल्या फळ्यांवर ब्रशने दोनदा मारा. थर लावताना दर 40 सेंटिमीटरवर 20 मिमीची पट्टी ठेवा, वर वजन द्या, आणि सगळं सावलीत, वाऱ्यावर असू द्या. सुकायला जाडीच्या इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा. एवढा धीर नसेल तर 8 मिमीचे पापुद्रे काढून सुकवा. काही वाकतील, म्हणून जास्तीचे काढा.

सुकलं की नाही हे हाताला कळत नाही, काट्यावर कळतं. एक तुकडा तोला, ओव्हनमध्ये 100 अंशांच्या जरा वर ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. 58 ग्रॅमचा तुकडा 52 वर थांबला, तर फरक 6 भागिले 52, म्हणजे साडेअकरा टक्के ओल. आम्ही 8-9 टक्क्यांशिवाय सरस लावत नाही.

प्रश्न : वखारीत नेमकं किती लाकूड मागायचं? – एक वाचक, सिन्नर

कॉन्सर्ट या मध्यम मापाच्या एका उकुलेलेला 3 फूट लांब, 5 इंच रुंद, 2 इंच जाड अशी एक फळी. म्हणजे 0.21 घनफूट. वरची-खालची पाटी 32 सेंटिमीटरच्या तुकड्यातून, बाजू 50 च्या. गिरणीचं मोठं पातं दर कापाला 2-3 मिमी खातं, म्हणून पापुद्रे 6 मिमीचे मागा, पाच निघतील. प्रत्येक पाटी दोन पापुद्रे शेजारी जोडून होते, म्हणून दोन पाट्यांना चार लागतात, पाचवा राखीव. नंतर रंधा आणि सँडपेपरने वरची पाटी 2 मिमी, आंबा किंवा साग असेल तर 1.8, आणि बाजू 1.7 मिमीपर्यंत आणा. बाजू याहून जाड राहिल्या तर गरम पाइपवर वाकवताना कमरेच्या वळणाला तडकतात.

निवडताना पापुद्रा टोकापासून लांबीच्या पाव भागाच्या जरा अलीकडे दोन बोटांत धरा आणि मध्यावर टिचकी मारा. टणक, लांबणारा आवाज यायला हवा. 'थप्प' झालं तर ठेवून द्या.

प्रश्न : जुन्या नाशकातल्या वाड्याचा सागवानी वासा मिळाला आहे. – एक वाचक, पंचवटी

नशीबवान आहात. इतकी वर्षं मुरलेलं लाकूड विकत मिळत नाही. आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा गिरणीचं पातं घालवतो आणि गिरणीवाल्याचा मूडही. सागात तेल असतं, त्यामुळे सांधा नंतर सुटतो. चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही बाजू ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि पंधरा मिनिटांच्या आत जोडा.

प्रश्न : मी ऑगस्टमध्ये बनवलेला उकुलेले एप्रिलमध्ये ब्रिजखाली तडकला. लाकूड खराब होतं का? – एक वाचक, सिडको

लाकूड नाही, महिना चुकला. हवेत 80 टक्के दमटपणा असताना लाकडात 15-16 टक्के ओल असते. एप्रिलच्या दुपारी दमटपणा 25 वर आला की ती 5 पर्यंत उतरते. 21 सेंटिमीटरची पाटी त्यात दोन-तीन मिलिमीटर आक्रसू पाहते. आतून आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या तिला आक्रसू देत नाहीत, मग ती फाटते. पाट्या आणि पट्ट्या जोडायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, दमटपणा 45-50 असताना करा. तीन-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचं यंत्र) भिंतीला टांगा.

आता दुरुस्ती. ओला करून पिळलेला स्पंज साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत घाला आणि डबी वाद्यासोबत पेटीत आठवडाभर ठेवा. फट मिटली की पातळ सरस बोटाने चोळून आत जिरवा. आतून 12 मिमीचं, दीड मिमी जाडीचं ठिगळ लावा. त्याचे रेषे फटीला आडवे हवेत. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वाद्य ठेवू नका. पांढरा फेविकॉल उष्णतेने मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिजच उखडून येतो.