विकास शुल्काचा दर महापालिका ठरवत नाही, हे आधी डोक्यात घ्या

तुम्ही विचारलंय की घराच्या बांधकाम परवानगीच्या वेळी भरावं लागतं त्या विकास शुल्काचे दर महापालिका कशावरून ठरवते, ते कधी तपासले जातात आणि आपल्याला हरकत घेता येते का. माझी हयात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली. मराठवाड्यातल्याच एका शहरात घर बांधताना या शुल्कावरून मी भांडलोय, म्हणून लिहितो.

दर ठरतो मुंबईत, राज्याच्या कायद्यानं. 1966 च्या नगररचना कायद्यात 1992 साली विकास शुल्काचं प्रकरण घातलं, त्याच्या अनुसूचीत टक्के दिलेत. राहत्या घराला जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकामावर दोन टक्के. व्यापारी वापराला दोन्ही दुप्पट. टक्का लावायचा रेडीरेकनरमधल्या, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरपत्रकातल्या, जमिनीच्या दरावर, आणि रेडीरेकनर निघतो पुण्यातून, नोंदणी महानिरीक्षकांच्या कार्यालयातून. म्हणजे 1 एप्रिलला रेकनर वाढला की तुमचं शुल्क आपोआप वाढलं. ना ठराव, ना सूचना-हरकती. 2023 आणि 2024 ला रेकनर हलला नाही, एप्रिल 2025 ला वाढला. दर तपासणं म्हणाल तर आपल्याकडं एवढंच. महापालिकेच्या हातात उरतं छाननी शुल्क आणि रस्ता खोदाईसारखं किरकोळ.

आता माझं प्रकरण. गोल आकड्यात सांगतो. प्लॉट 140 चौरस मीटर, बांधकाम 180, रेकनरचा दर दहा हजार धरा. तळमजल्यावर मुलाच्या झेरॉक्ससाठी वीस चौरस मीटरचं एक दुकान. मागणीपत्र आलं 86,000 चं. टेबलावरच्या बाबूंना विचारलं तर नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "काका, शटर आहे ना? मग कमर्शियल." अख्खं घर! वर आम्ही राहणार, देवघर तिथं, स्वयंपाकघर तिथं, आणि शटर एक म्हणून सगळ्याला चार टक्के.

आर्किटेक्ट म्हणाला, भरून मोकळे व्हा, फाईल अडकेल. मी तिथंच बाकड्यावर बसून मागणीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडलं. राहतं 160, दोन टक्क्यांनी 32,000. दुकान 20, चार टक्क्यांनी 8,000. जमिनीचं त्याच प्रमाणात वाटलं तर 7,778. बेरीज 47,778. नकाशावरच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात दुकान वेगळं दाखवलेलंच होतं, त्याच्यावर लाल पेनानं गोल केला आणि साहेबांपुढं ठेवला. साहेब म्हणाले, सॉफ्टवेअरच तसं काढतं. म्हटलं, सॉफ्टवेअरला वापर कुणी भरून दिला? बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर सुधारित मागणीपत्र निघालं. आमच्या घराण्यात सरकारी कागद दुरुस्त करून आणणारा मी पहिलाच असेन, त्यामुळं जरा फुशारकी वाटली तर वाटू द्या.

तर हरकत दराला घेऊन उपयोग नाही, हिशेबाला घ्या. वापर कोणता धरला, क्षेत्र किती धरलं, रेकनरचा विभाग कुठला आणि कोणत्या वर्षाचा दर लावला, हे लेखी मागा. तोंडी विचारलं तर "ऑनलाइन आलंय" एवढंच ऐकायला मिळतं.

आमचे साडू वेगळे. त्यांनी बाँडवर, म्हणजे खरेदीखत न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर, प्लॉट घेतला, परवानगीच्या नादाला न लागता घर उठवलं आणि प्रत्येक लग्नात पंगतीला मला ऐकवतात, "पाव्हणं, तुम्ही भरलं, मी नाही भरलं. चिखल तुमच्याही दारात, माझ्याही दारात." लोक हसतात. पण पुढं गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरची विनापरवाना घरं नियमित करणाऱ्या 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली, तेव्हा साडूंनी विकास शुल्क भरलं आणि वर प्रशमन शुल्कही, म्हणजे नियम मोडल्याबद्दलचं तडजोडीचं शुल्कही, भरलं. ते पंगतीत निघत नाही.

चिखलाचं मात्र त्यांचं अर्धं खरं आहे. कायदा म्हणतो की हे पैसे वेगळ्या विकास निधीत जमा करा आणि सार्वजनिक सोयींवर खर्च करा. सोयी तुमच्याच गल्लीत करा असं म्हणत नाही. नवीन घरामुळं नाल्यावर, पाण्यावर किती भार पडतो याचा अभ्यास करून हा टक्का ठरलेला नाही. साडूंचा मुलगा कॅलिफोर्नियात आहे, तिकडं याला इम्पॅक्ट फी म्हणतात. तिथल्या 1987 च्या कायद्यानं शहराला फी कशासाठी आणि घराशी तिचा संबंध काय ते दाखवावं लागतं. पाच वर्षांत पैसा खर्च झाला नाही तर कारण नोंदवा, नाहीतर परत करा. आणि हा अभ्यास आता दर आठ वर्षांनी नव्यानं करावा लागतो. तिथं एका माणसाला आपल्या जागेवर कारखान्यात तयार केलेलं घर आणून ठेवायला रस्त्यांपोटी 23,420 डॉलर मागितले, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2024 ला न्यायालयानं सांगितलं की फी कायद्यानं ठरवली म्हणून तपासणीतून सुटत नाही. फी तिकडं आपल्यापेक्षा कितीतरी जड आहे, हेही पोरानं सांगितलं. साडूंनी तेवढं ऐकलं नाही.

आपल्याकडं करायचं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: विकास निधीचं स्वतंत्र लेखाशीर्ष आहे का, गेल्या तीन वर्षांत जमा किती, खर्च कोणत्या कामावर. लेखा विभागात नोकरी केलेला माणूस सांगतोय, या प्रश्नाला ते बिचकतात. दर जास्त आहे म्हणून निवेदन दिलं की फोटो निघतो, बस.

दोन गोष्टी राहिल्या. मेट्रोसारखा प्रकल्प जाहीर झालेल्या शहरात विकास शुल्क दुप्पट लागू शकतं, तिथं माझं गणित धरू नका. आणि तुमचा प्लॉट गुंठेवारीतला असेल तर वरचे टक्के बाजूला ठेवा, त्याचा तक्ता वेगळा असतो. तो साडूंकडं आहे, पण ते देणार नाहीत.