निपाणीच्या विडी कामगार बायकांवरचा प्रबंध: यादीसाठी थांबू नका

एमएच्या प्रबंधाला कर्नाटकातल्या निपाणीच्या विडी कामगार बायका घेतल्या आणि कार्यालय नोंदणीची यादी देत नाही म्हणून काम अडलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी याच विषयावर काम केलं तेव्हा एका सरकारी कार्यालयानं माझं अख्खं सत्र खाल्लं. आधी कॉलेजचं पत्र आणा, मग तेच कन्नडमध्ये आणा, मग साहेब मीटिंगला गेलेत. शेवटी यादी मिळाली ती फक्त ओळखपत्रवाल्यांची.

खरा घात तिथे होतो. 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानायचा. पण ठेकेदारानं तिचं नाव चढवलंच नाही, तर ना ओळखपत्राचं कार्ड, ना भविष्यनिर्वाह फंड. एका कार्डावर सासू, सून आणि शाळा सुटलेली मुलगी वळत बसलेल्या मी पाहिल्यात. सगळ्यात वाईट अवस्थेतल्या बायका यादीबाहेर! त्या यादीतून नमुना काढलात तर प्रबंधात विषमता सौम्यच दिसणार. याची चीड मला अजून आहे.

माझं मत, तुमच्या सरांना पटेलच असं नाही: गल्लीतून सुरुवात करा. एका बाईकडून शेजारणीकडे जा, ठेकेदाराला सोबत नेऊ नका, त्याच्यासमोर कोणी बोलत नाही. 'मासिक उत्पन्न किती?' हा प्रश्न काढून टाका. हजार विड्यांना काय मिळतं, पानं कमी पडली तर कोण भरतं, छाट (खराब म्हणून नाकारलेल्या विड्या) किती निघते, छाटलेल्या विड्या जातात कुठे, हे विचारा. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी खाजगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांत केलेला फरक इथे हाताला लागतो. एकीची छाट जास्त निघाली तर तिचा हात कच्चा म्हणता येईल. अख्ख्या गल्लीची वाढली तर कारण ठेकेदाराच्या आणि कारखान्याच्या व्यवहारात शोधायला हवं.

मार्गदर्शक कोल्हापूरकडचे असतील तर जातीचा रकाना आधी तपासा. महाराष्ट्राचा तक्ता इथे चालत नाही: बंजारा तिकडे विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, मराठा इथे मागासवर्गाच्या 3बी गटात. आणि 2011 च्या जनगणनेत निपाणीचे आकडे चिकोडी तालुक्यात शोधा, वेगळा तालुका नंतर झाला.

माझा अनुभव निपाणीपुरताच आहे. संकेश्वरकडे चित्र वेगळं असू शकतं. बायकांची खरी नावं मात्र वहीतसुद्धा लिहू नका, काम जाण्याची भीती त्यांना खरोखर असते.