‘कंपनीक कळला तर?’

बँकेच्या कर्ज विभागात 24 वर्षं काढली आणि आता कुडाळला छोट्या व्यावसायिकांसाठी समुपदेशनाला बसते. फ्रँचायझी घेतलेली, म्हणजे करार करून एखाद्या कंपनीच्या नावाने दुकान चालवणारी माणसं हल्ली वरचेवर येतात. विचारायचं तेच असतं: बाकीचे मालक संघटना काढतायत, मी जाऊ की नको? कंपनीला कळलं तर करार मोडतील का?

या प्रश्नावर मी ज्यांची गोष्ट नेहमी सांगते, त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जूनच्या अखेरीस, मुसळधार पावसात नवराबायको आली. किनाऱ्यावरच्या एका गावात त्यांचं आईस्क्रीमचं दुकान, एका साखळीची फ्रँचायझी. मुद्रा योजनेतलं कर्ज, शिवाय मेव्हण्याकडून घेतलेले पैसे. तो गप्प बसून होता. बोलली ती. “रात्री दोन-दोनदा उठून हे फ्रीजर बघूक जातत. झोपच नाय.” मग तो म्हणाला, “मॅडम, धंदो माकाच जमना नाय.”

प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक शंभर पानी वही त्याने टेबलावर ठेवली. मी उघडली. तारीख, वीज गेली किती वाजता, आली किती वाजता, डीप फ्रीजरचं तापमान. 14 जूनच्या ओळीत लिहिलं होतं: रात्री 2.10 ला गेली, सकाळी 7.40 ला आली, उणे 18 वरून उणे 9. पुढे बारीक अक्षरात, ‘पाच ट्रे गेले’. आईस्क्रीम एकदा सैल होऊन पुन्हा गोठलं की रवाळ होतं, बर्फाचे खडे दाताखाली येतात. ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही हा कंपनीचा नियम योग्यच आहे. पण त्या पाच ट्रेंचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पावसाळ्यात किल्ल्याकडच्या होड्या बंद होतात, पर्यटक ओसरतात. तरी दर महिन्याला ठरलेला किमान माल उचलावाच लागे, मे महिन्यात जेवढा तेवढाच जुलैत.

मला मात्र त्याच्या एका वाक्याने जास्त त्रास झाला. कंपनीचा एरिया मॅनेजर दर भेटीत म्हणायचा, “बाकी सगळ्यांचं व्यवस्थित चाललंय, तुमचंच काय होतं?” हे ऐकून ऐकून त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की खोट आपल्यातच आहे. राजापूरकडच्या एका मालकाने बैठकीला बोलवायला तीनदा फोन केला, याने उचलला नाही. भीती होतीच, “कंपनीक कळला तर ते माका काढून टाकतले.” पण भीतीच्या तळाशी लाज होती. चार माणसांत जाऊन आपण बुडतोय हे कोण सांगणार?

संघटनेत जा, असं मी पहिल्या भेटीत सांगितलं नाही. घाबरलेल्या माणसाला निर्णय घ्यायला लावू नये, हे मी कर्जवसुलीच्या दिवसांत शिकले. मी दोन कामं दिली. करार घेऊन या. आणि त्या राजापूरवाल्याला एक फोन करा, फक्त एवढंच विचारा की तुमच्याकडे माल कुठल्या अवस्थेत उतरतो.

करार आम्ही दोन बसण्यांत वाचला. सही करताना त्याने शेवटचं पान तेवढं पाहिलं होतं. बहुतेकांचं तसंच असतं, त्यात कमीपणा नाही. संघटनेत जायला बंदी करणारं कलम त्यात नव्हतं. गोपनीयतेचं होतं; ते पाककृती, कंपनीचे खरेदीदर आणि कामाच्या पुस्तिकेपुरतं होतं. आपल्या दुकानात वीज किती वेळ गेली हे काही कंपनीचं गुपित नव्हे. तरी मी त्याला वकिलाकडे पाठवलं, कारण प्रत्येक करार वेगळा असतो आणि माझा शब्द कायद्याचा शब्द नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. सगळा व्यवहार मुख्यतः 1872 च्या करार कायद्यावर आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर चालतो. अमेरिकेत सही करण्याच्या किमान 14 दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक द्यावं लागतं. मालकांनी एकत्र येण्यात कंपनीने आडकाठी आणायची नाही, असं कॅलिफोर्निया आणि इलिनॉयसारख्या राज्यांचे कायदे सांगतात. आपल्याकडे संघटना बांधण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये आहे खरा, पण तो मुख्यतः सरकारच्या विरुद्ध आहे. खासगी कंपनीने करार नूतनीकरण केला नाही, तर त्या कलमाच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून ‘काही होणार नाही, बिनधास्त जा’ असं मी कुणालाच सांगत नाही. एकट्याने गेलात तर जोखीम एकट्याची, आणि सगळे मिळून गेलात तर ती वाटली जाते, एवढं मात्र सांगते.

त्याने फोन केला. सव्वा तास बोलणं झालं. राजापूरवाल्यालाही एरिया मॅनेजरने तेच ऐकवलं होतं: बाकी सगळ्यांचं व्यवस्थित चाललंय.

पुढच्या रविवारी राजापूरला नऊ मालक जमले, चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचे. हा आपली वही घेऊन गेला. आणखी दोघांकडे तशाच वह्या निघाल्या. तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की ज्या दिवशी गाडी घाट उतरून उशिरा पोचली, त्या दिवशी तिघांकडेही माल मुळात नरमच उतरला होता. म्हणजे सगळं नुकसान विजेने झालेलं नव्हतं. घरी बसून हे त्याला दहा वर्षांत कळलं नसतं.

चिपळूणच्या मालकाचं मला फार कौतुक वाटतं. 22 जुलै 2021 च्या पुरात त्यांच्या दुकानात पाणी शिरलं होतं. विम्याच्या सर्व्हेअरपुढे पुरावा मांडताना जी धावपळ झाली, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायची त्यांना सवय लागली. गाडीचं दार उघडलं की खोक्यात थर्मामीटर खुपसून फोटो, मग चलनावर सही. करारातलं नुकसानभरपाईचं कलमही त्यांनीच शोधलं होतं: माल उतरल्यापासून 24 तासांत लेखी कळवलं तर खराब मालाचे पैसे पुढच्या बिलातून वळते होतात. ते दोन वर्षं ही वजावट घेत होते. बाकी आठ जणांना असं काही कलम आहे हेच ठाऊक नव्हतं.

संघटनेचा पहिला फायदा मी हाच मानते. मोर्चा, निवेदनं हे सगळं नंतरचं. आपल्यासारखाच धंदा करणाऱ्या माणसाला काय माहीत आहे, ते आधी आपल्याला कळतं.

बैठकीत कुणीतरी म्हणालं, आपण सगळे मिळून कोन पाच रुपयांनी महाग करू, नाहीतर महिनाभर माल उचलूच नका. आमच्या वहीवाल्याने मला रात्री फोन करून विचारलं. मी स्पष्ट नको म्हटलं. स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं किंवा पुरवठा रोखणं 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 मध्ये अडकू शकतं, आणि अशा एका ठरावाने चांगली संघटना गोत्यात येते. मालाचं तापमान, भरपाई, पावसाळ्यातला किमान माल, कराराच्या अटी, सामाईक विमा, सगळ्यांत मिळून एक वकील, यावर बोला.

दुसरा पेच महिन्याभरात आला. कंपनीने स्वतःच मालकांची एक सल्लागार समिती जाहीर केली. चहापाणी कंपनीचं, विषयपत्रिका कंपनीची, सदस्य कंपनीने निवडलेले. तिथे जरूर जावं, संवाद तोडू नये. पण ती आपली संघटना नव्हे. ज्या संस्थेची वर्गणी सभासद भरतात, जिचं बँक खातं सभासदांच्या सहीने चालतं आणि जिचा अध्यक्ष सभासद बदलू शकतात, ती स्वतंत्र. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला किमान सात जण लागतात. हे नऊ होते. वर्गणी ठरली वर्षाला 2,000 रुपये.

कंपनीला पहिलं पत्र गेलं ते संस्थेच्या नावाने. त्याची बायको मला म्हणाली, “पत्रात ह्यांचा नाव एकट्याचा नाय, म्हणान त्या रात्री झोपले.”

तीन मागण्या होत्या. जून ते ऑगस्ट किमान माल निम्मा करा, ही मान्य झाली. खराब माल कळवायची मुदत 24 वरून 48 तास, मोबाइलवरचा फोटो चालेल, हीही झाली. रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतून कंपनीला द्यायच्या हिश्शाचा टक्का मात्र कंपनीने एका काडीनेही हलवला नाही. सावंतवाडीकडच्या एका मालकाने त्या वर्षअखेरीस दुकान बंद केलं. त्याचं कर्ज फार पुढे गेलं होतं. कंपनीने काढून असं कुणालाच टाकलं नाही.

गणपतीच्या आधी तो एकटाच आला, मोदकांसाठी घरचे नारळ घेऊन. वही सोबत होतीच. आता तिच्यात एक रकाना वाढला होता: ‘गाडीचं तापमान’. त्या आठवड्याच्या ओळीत आकडा उणे 12 होता, समोर फोटो पाठवल्याची वेळ, आणि शेवटी बिलातून वळते झालेले रुपये.