हजारो चित्रपट-मालिकांच्या साइटचा मेनू नव्याने करतोय. त्यात किती विभाग ठेवावेत? हॅम्बर्गर मेनू (तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे दडलेला) चालेल का?

सात ठेवा, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. सांगणाऱ्याने मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा १९५६ चा निबंध वाचलेला नसतो, हे मी पैजेवर सांगतो. 'सात अधिक-उणे दोन' ही गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याची मर्यादा. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ कोण करतं?

आमच्या एका साहेबांना मात्र हा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य. यादी सातावर आणायची म्हणून नाटकं, माहितीपट, मुलाखती सगळं 'आणखी'मध्ये कोंबलं. पुढे सर्चचे लॉग काढले, तर लोक नुसतं 'नाटक' टाइप करत होते. मेनूत हवा तो शब्द प्रेक्षक स्वतः लिहून देत होते! मीटिंगमध्ये दाखवलं तर साहेब म्हणाले, "सर्च वापरतायत ना, मग चांगलंच आहे की." शेवटी ट्री टेस्ट घेतली. चित्रं नाहीत, रंग नाहीत, फक्त विभागांची नावं. आणि काम एकच: लहान मुलांना दाखवायला प्राण्यांवरचा माहितीपट शोधा. बरेच जण 'मुलांसाठी'त शिरले, काही 'चित्रपट'मध्ये. 'आणखी' कुणी उघडलंच नाही. साहेबांचं उत्तर: "होईल सवय."

अहो, तो माहितीपट मुलांचाही आहे आणि प्राण्यांचाही. एकाच खणात तो बसणार कसा? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरणात पुस्तकांसाठी हा प्रश्न सोडवलाय: विषयाचे पैलू सुटे करा, हवे तसे जोडा. तेच करा. मेनूत ढोबळ विभाग, आणि भाषा, प्रकार, वर्ष, वयोगट, कलाकार हे फिल्टरमध्ये. प्रत्येक फिल्टरपुढे किती शीर्षकं मिळतील तो आकडा द्या, म्हणजे रिकाम्या पानावर कुणी आपटणार नाही. त्याआधी मेटाडेटा, म्हणजे प्रत्येक शीर्षकाची भाषा-वर्ष-कलाकार ही नोंद, साफ करा. एकाच भाषेचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर फिल्टर काय कपाळ चालणार?

आता हेही खरं की ट्री टेस्टमध्ये फक्त नावं आणि रचना तपासली जाते, दिसणं नाही. आणि सात नको म्हणजे तीस ठेवा असंही मी म्हणत नाहीये. आकडा तुमच्या कॅटलॉगवरून ठरेल. हॅम्बर्गर मोबाइलवर जागेअभावी ठीक, मोठ्या स्क्रीनवर मुख्य विभाग उघडेच ठेवा. पानांचे पत्ते बदलणार असाल तर जुन्यांच्या ३०१ रिडायरेक्टची (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) यादी आत्तापासून करायला घ्या. लाँचच्या आदल्या रात्री ती होत नाही.