वाचकांचे प्रश्न : चर्चच्या सेवामंडळाबरोबर घरदुरुस्तीला जावे का?

प्रश्न : मी कोल्हापुरात महाविद्यालयात शिकतो. माझ्या एका मित्राच्या चर्चचे सेवामंडळ उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातील गावांमध्ये गरीब कुटुंबांची पडझड झालेली घरे दुरुस्त करून देते. या वर्षी त्याने मलाही बोलावले आहे. आम्ही हिंदू आहोत. आईला वाटते की तिथे मला प्रार्थनेला बसवतील. मामा म्हणतात की तुला गवंडीकामातले काही येत नाही, उगाच गावातल्या कारागिरांची मजुरी बुडवशील. मी जावे की नाही? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आपण अवश्य जावे, असे माझे मत आहे, मात्र आई आणि मामा या दोघांच्याही शंका रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे जाण्यापूर्वीच मिळवलेली बरी.

आईची शंका आधी घेऊ. ख्रिस्ती सेवामंडळांत कामाला हात लावण्यापूर्वी थोडा वेळ प्रार्थना करण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी असते, कारण त्यांच्या दृष्टीने हे काम उपासनेचाच भाग आहे. त्या वेळी आपण शांतपणे बाजूला उभे राहिलात तर कोणाला वावगे वाटू नये. मंडळाच्या प्रमुखांशी हे आधीच मोकळेपणाने बोलून ठेवावे. याहून महत्त्वाचा प्रश्न ज्यांचे घर दुरुस्त होणार आहे त्या कुटुंबाचा आहे. कुटुंब निवडताना धर्म पाहिला जातो का, आणि दुरुस्तीच्या बदल्यात त्यांनी प्रार्थनेला यावे किंवा पुस्तिका घ्याव्यात अशी अपेक्षा असते का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. ज्याचे छप्पर गळते आहे आणि पावसाळा तोंडावर आला आहे, त्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नसते. म्हणून मदतीला कोणतीही अट नसावी, अप्रत्यक्षही नसावी. चांगली मंडळे हा नियम स्वतःहून पाळतात, आणि विचारणाऱ्याचा त्यांना राग येत नाही. राग आला, तर मात्र आपण जाऊ नये.

अशा सेवेमागे मोठी परंपरा आहे, हेही आईंना सांगता येईल. अमेरिकेतील अ‍ॅपलाचिया हा डोंगराळ आणि दीर्घकाळ गरिबीत राहिलेला प्रदेश. तिथे १९६९ मध्ये ग्लेन ‘टेक्स’ इव्हान्स या मेथडिस्ट पाळकांनी सुमारे पन्नास स्वयंसेवकांना घेऊन केंटकी राज्यातील बार्बरव्हिल येथे चार कुटुंबांची घरे दुरुस्त केली. त्यातून उभी राहिलेली संस्था घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित आणि अधिक कोरडे करणे एवढेच आपले उद्दिष्ट सांगते, आणि घरदुरुस्तीचा इतका नेमका हेतू मला फार मोलाचा वाटतो. मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये स्थापन केलेली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्थाही ख्रिस्ती श्रद्धेतूनच निघाली. तिचे भारतातील काम १९८३ मध्ये सुरू झाले. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ याच संस्थेच्या घरबांधणीत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वयंसेवकांबरोबर स्वतः राबले होते. घर ज्याचे, त्या कुटुंबानेही अंगमेहनत करायची, हे या संस्थेचे एक मुख्य तत्त्व आहे. आपल्या भागाला तर मिशनची सेवा नवी नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि मिरजेला डॉ. वानलेस यांनी उभारलेल्या रुग्णालयात सर्व जातिधर्मांच्या कितीतरी पिढ्यांनी उपचार घेतले.

आता मामांचे म्हणणे. गवंडीकाम चार दिवसांत येत नाही, हे खरेच आहे. आपण तिथे हाताखालचा माणूस म्हणून जावे : वाळू चाळणे, कौले उतरवून घासणे आणि फुटकी वेगळी करणे, राडारोडा उचलणे, माल कालवून देणे, भिंत खरवडणे. ओळंबा, करणी आणि रंधा गावच्या गवंड्या-सुतारांच्याच हातात राहावा आणि त्यांना त्या भागात चालू असलेली पूर्ण मजुरी मिळावी. देणगीच्या पैशातून ही मजुरी देण्याची तरतूद मंडळाने केली आहे ना, एवढे विचारून घ्या. अशी तरतूद असेल तर कारागिरांची मजुरी बुडण्याऐवजी, ज्या घराला मिस्त्री परवडत नव्हता त्या घरी त्याला काम मिळते.

प्रश्न : आमच्या चर्चच्या तरुण संघाने यंदा पूरबाधित गावात घरदुरुस्तीचे काम हाती घ्यायचे ठरवले आहे. पैसे थोडे आहेत आणि मागणी करणारी कुटुंबे बरीच. कोणाचे घर आधी घ्यावे, आणि घरातले कोणते काम आधी करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मागणी करणाऱ्यांच्या यादीवर विसंबून राहू नका. ज्यांना सर्वांत जास्त गरज असते, ती माणसे बहुधा कोणापर्यंत पोचत नाहीत. एकटी राहणारी वृद्धा, अपंग माणूस असलेले घर, ऊसतोडीला बाहेर गेलेले कुटुंब यांची माहिती गावातील आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना असते. त्यांना बरोबर घेऊन गाव फिरा, आणि आपल्याच मंडळीच्या नात्यातली घरे यादीत वर सरकणार नाहीत याची काळजी घ्या.

घर निवडल्यावर दोन गोष्टी ग्रामपंचायतीत तपासा. पहिली म्हणजे नमुना ८ वर घर कोणाच्या नावे लागले आहे. भाड्याचे घर असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, नाहीतर दुरुस्तीनंतर भाडेकरूलाच बाहेर काढले जाण्याची भीती राहते. दुसरी म्हणजे त्या कुटुंबाला प्रधानमंत्री आवास योजना किंवा रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले आहे का. झाले असेल, तर जुन्या घरावर मोठा खर्च करू नका. पावसाळा निघेल एवढीच डागडुजी करा आणि घरकुलाचे हप्ते अडले असतील तर कागदपत्रांच्या कामात त्यांना साहाय्य करा. तीही घराचीच सेवा आहे.

कामाचा क्रम पाण्यावरून ठरवावा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीने ती किती ओलांडली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि दोन्ही नद्या फुगल्या की शिरोळच्या गावांतले पाणी कित्येक दिवस उतरत नाही. मातीच्या भिंतीचे खरे नुकसान या साचून राहिलेल्या पाण्याने होते : पाया आणि भिंतीचा खालचा भाग भिजून मऊ पडतो, आणि पूर ओसरल्यावर, वरून धडधाकट दिसणारी भिंत अचानक बसते. म्हणून आढे, वासे आणि छप्पर यांच्याबरोबरच भिंतीचा तळ मिस्त्रीकडून ठोकून पाहून घ्या. भिंत खचलेली असेल तर तिला टेकू दिल्याशिवाय कोणीही वर चढू नये.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळा. तो दिसायला देखणा असतो, पण भिंतीतली ओल आत कोंडून ठेवतो आणि काही काळाने पापुद्र्यासारखा सुटून येतो. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा अशा भिंतीला अधिक मानवतो. छपरावर पत्रे घालत असाल तर खिळे किंवा हूक पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट पन्हाळीत मारले तर पाणी तिथूनच आत उतरते. जुना सिमेंटचा पत्रा फोडू नये किंवा कोरडा कापू नये, कारण त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. काम सुरू करण्यापूर्वी घराचा वीजपुरवठा बंद करा. शिडीखाली कायम एक जण धरायला उभा असावा, तरुण संघाच्या उत्साहात हेच पहिल्यांदा विसरले जाते.

रंग सर्वांत शेवटी, आणि पैसे उरले तरच. माझा आग्रह विचाराल तर रंगाऐवजी एक भक्कम पोटमाळा करून द्या. ज्या घरात पुन्हा पाणी शिरणार हे उघड आहे, तिथे धान्याची पिंपे, मुलांची दप्तरे आणि रेशनकार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंतचे सर्व कागद वर ठेवायला जागा लागते. अर्थात घर सोडण्याची सूचना आली की माणसांनी माळ्यावर न थांबता बाहेर पडायचे, हे त्या कुटुंबाशी बोलून ठेवा. आणि हे सारे ठरवताना घरातल्या बाईला आधी विचारा. चूल कुठे हवी, मोरीचे पाणी कुठे साचते, रात्री कोणत्या कोपऱ्यात गळते, याची खरी माहिती तिलाच असते.

कौले चाळून घर शाकारण्याचे काम मृगापूर्वी संपले पाहिजे, म्हणून फार तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत शेवटच्या घराचे छप्पर बंद होईल अशा बेताने घरांची संख्या ठरवा. उघडे टाकलेले एक घर वळिवाच्या एका सरीत सापडले, तर त्या कुटुंबाचे हाल दुरुस्तीपूर्वीपेक्षा अधिक होतात.

प्रश्न : दुरुस्त केलेल्या घरावर देणगीदारांच्या नावाची पाटी लावावी, असे आमच्या समितीतील काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय? (एक वाचक)

उत्तर : लावू नये. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नका, ही येशूची शिकवण आपल्या समितीला माझ्यापेक्षा अधिक परिचित आहे. ते घर त्या कुटुंबाचे आहे, आणि त्यांच्या दारावर त्यांच्याच नावाची पाटी असावी. देणगीदारांना हिशेब मिळण्याचा हक्क आहे, तो पूर्ण द्या : रीतसर पावती, साहित्याची बिले, मजुरीची नोंद आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीकृत न्यास असेल तर वार्षिक लेखापरीक्षण. छायाचित्रे हवीच असतील तर छपराची आणि भिंतीची घ्या. माणसांची घ्यायची असल्यास काम पूर्ण झाल्यानंतर विचारा, आधी विचारलेत तर त्यांचा होकार मोकळेपणाचा आहे की नाही हे आपल्याला कळणार नाही.