जंगलात कोणी युरिया टाकत नाही तरी झाडं हिरवीगार कशी? तिथली माती शेतात टाकली तर नत्राचे जीवाणू आपल्याकडे येतील का?

प्रश्न वाचला आणि आमचा उडीद आठवला, म्हणून लिहितोय. मी चोपड्याकडचा. मोठे काका जन्मभर केळी करत आलेले, त्यामुळे मुळाला गाठ दिसली की सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे बारीक जंत, हे डोक्यात पक्कं. एका पावसाळ्यात महिन्याभराचा उडीद उपटून मी त्यांना कौतुकाने गाठी दाखवायला नेला, तर म्हणे रोग शे, आणि दुसऱ्याच दिवशी अर्ध्या वावरात दाणेदार औषध टाकायला लावलं, वर युरिया. अहो सूत्रकृमीत मूळच सुजतं, ती गाठ नखाने निघत नाही, आणि रायझोबियमची, म्हणजे हवेतलं नत्र धरणाऱ्या जीवाणूची, गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, टचकन निघते. मी त्यांच्यासमोर ब्लेडने कापून दाखवली, आत गुलाबी. हा गुलाबी रंग देणारा पदार्थ आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊ, कारण हवेतलं नत्र फोडणारं एन्झाइम मोकळा ऑक्सिजन लागला की बाद होतं, म्हणून ऑक्सिजन धरून ठेवावा लागतो. काका ऐकून घेऊन म्हणाले, "तू कालेजमा शिकना, मी वावरमा म्हतारा व्हयना." विषय संपला. युरियाच्या ओळींत पुढे गाठी बारीक आणि आतून पांढरट निघाल्या. आयतं नत्र मिळाल्यावर रोप जीवाणूंना साखर कशाला देईल?

आता जंगलाचं. सातपुड्यातला साग नत्र धरत नाही. शेंगा येतात म्हणून प्रत्येक झाड धरतं असंही नाही, बहावा, चिंच, आपटा यांच्या मुळांना गाठी होत नाहीत. खैर, बाभूळ, शिरीष, करंज यांना होतात, त्यासुद्धा पावसाळ्यात बारीक मुळांवर शोधाव्या लागतात. पण जंगल हिरवं राहतं ते मुख्य म्हणजे पाला तिथेच पडतो आणि तिथेच कुजतो म्हणून. आपण उडीद मुळासकट उपटून खळ्यावर नेतो आणि उरलेला काडीकचरा पेटवतो, मग जमिनीत राहणार काय!

माती आणू नका. एकतर जंगलातून माती उचलणं चूक, आणि खैराचा जीवाणू उडदाला चालेलच असं नाही. १० किलो बियाण्याला उडदाच्या रायझोबियमचं २५० ग्रॅमचं पाकीट चोळा आणि महिन्याने एक रोप उपटून गाठ कापा. गुलाबी निघाली तर युरियाची गोणी उघडायची नाही, घरातलं मोठं माणूस काहीही म्हणो.

बांधावरची बाभूळही काकांनी "पीक खास", म्हणजे पीक खाते, म्हणून तोडली. सावलीने शेजारच्या दोनतीन ओळी बसतात हे खरंय, पण फांद्या छाटून भागलं असतं, झाड गेलं ते गेलंच.

आणि हो, हे सगळं उडीद, मूग, तुरीचं. केळीचं नत्र यातून भागत नाही, तिथे खत द्यावंच लागतं, तेवढं काकांचं बरोबर.